दंड घेताना शेत दिसलं, हक्क देताना दिसत नाही



आमच्या पाड्यावर कागद आले. वनहक्काचे दावे नामंजूर. कारण एका ओळीचं : उपग्रहाच्या छायाचित्रात १३ डिसेंबर २००५ पूर्वीची शेती दिसत नाही. सगळ्या कागदांवर तीच ओळ, नाव तेवढं वेगळं. विचारायला ऑफिसात गेलो तर साहेब म्हणाले, "माणूस खोटं बोलतो, फोटो खोटं बोलत नाही."

त्या साहेबांना तिथं नीट उत्तर देता आलं नाही. परत येताना एसटीत आम्ही गप्पच बसलो. आता देतो.

आधी फोटोचं बघू. उपग्रह शेकडो किलोमीटर वरून बघतो. देशाच्या जंगलाचा नकाशा ज्या चित्रांवरून करतात, त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर २३.५ मीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा. हिशेब केला तर साडेपाच गुंठे होतात. तेवढ्या तुकड्याचा एकच रंग. आता आपल्या उतारावरचे प्लॉट आठवा. कुणाचा दहा गुंठे, कुणाचा पंधरा, मध्ये ओहोळ, मध्ये खडक. दोन ठिपक्यांत एका घराचं पोट बसवायचं कसं?

दुसरं, आपली नागली-वरई पावसात उभी असते, आणि पावसात आभाळ झाकलेलं. साधा कॅमेरा ढगाच्या पार बघत नाही. आभाळ मोकळं होतं तेव्हा पीक निघून खळ्यात आलेलं असतं. शिवाय आपण एक साल नागली, एक साल वरई, मग खुरसणी करतो आणि जमीन पड टाकतो. पड टाकली म्हणजे सोडली नाही, हे आजी सांगेल. फोटो सांगणार नाही.

तिसरं झाडांचं. सरकारी मोजणीत एक हेक्टरच्या वर जमीन असेल आणि तिच्यावर दहा टक्के झाडांची सावली असेल, तर ती जंगलात धरतात. मालक कोण, वापर काय, ते बघत नाहीत. आपण शेतात मोह राखतो, आंबा राखतो, राबासाठी ऐन राखतो. म्हणजे झाडं राखली म्हणून आपलं शेत जंगल झालं! झाडं तोडून बोडकं केलं असतं तर दावा मंजूर झाला असता काय? साहेबांनी याचं उत्तर द्यावं.

आता कायदा. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे, त्यांत २०१२ ला सुधारणा झाली. त्यात नियम १२-अ मध्ये सरळ लिहिलंय की उपग्रहाचं चित्र पुराव्याला जोड म्हणून घेता येईल, दुसऱ्या पुराव्याच्या जागी नाही. गुजरातच्या हायकोर्टानेही २०१३ साली हेच धरलं : नुसत्या उपग्रहाच्या चित्रावर दावे फेटाळता येत नाहीत, बाकीचे पुरावे बघावेच लागतील. नियम १३ मध्ये म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा आहे. बांध, ताल, घर हा पुरावा आहे. मग आमच्या फाइलीतले जबाब कुणी वाचले?

आणि दंडाच्या पावत्या! फॉरेस्टवाल्यांनी आमच्या बापजाद्यांवर नांगर धरला म्हणून केस केली, दंड घेतला, कोंबडी नेली ती वेगळीच. कोंबडीची पावती नाही, पण दंडाची आहे. पिवळी पडलीय, आईने पेटीत जपलीय. दंड घेताना शेत दिसलं. हक्क देताना तेच शेत दिसत नाही. मग खोटं कोण बोलतो, माणूस की फोटो? आम्ही म्हणतो, फोटो बिचारा काहीच बोलत नाही. त्याच्या आडून बोलणारा बोलतो.

साथींनो, ही एकट्या जमिनीची गोष्ट नाही. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलमधून हजेरी सक्तीची झाली, दिवसातून दोनदा फोटो. रेंज नाही, फोटो चढला नाही, तर दिवसभर खोदलेला खड्डा समोर असून मजुरी अडकते. रेशनला गेलं तर अंगठा उमटत नाही, कारण कामाने रेषा झिजल्यात. सगळीकडे माणसाच्या शब्दावर यंत्राचा शब्द बसवलाय. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो काय शहरातल्या फ्लॅटवाल्यांनाच? आमच्या पाड्यावरून ड्रोन फिरवायचा असेल तर ग्रामसभेला आधी विचारा.

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. आमच्या पोरांनी मोबाईलचा जीपीएस चालू करून प्लॉटच्या हद्दी चालून काढल्या. दरीत तो चार-पाच पावलं इकडे तिकडे जातो, म्हणून सोबत म्हातारे घेतले. पोराच्या हातात मोबाईल, आज्याच्या हातात काठी. असा नकाशा खरा होतो.

पण त्यावरून आमच्यातच भांडण झालं तेही सांगतो. काही पोरं म्हणाली, नकाशा इंटरनेटवर टाकू, जगाला कळेल. त्यात देवाची जागा होती, मधाचे कडे होते, औषधाच्या मुळ्यांची ठिकाणं होती. एक आजी म्हणाली, "चोराला वाट दाखवून वर दिवा पण धरता काय रे?" पोरं गप झाली. ग्रामसभेत ठरलं : हद्दीचा नकाशा दाव्याला जोडायचा, बाकीचा गावाच्या दप्तरात राहील.

म्हणून सगळ्या पाड्यांना सांगणं आहे :

नामंजुरीचा कागद आला की तारीख लिहून ठेवा. वर दाद मागायला साठ दिवस आहेत. कारणं सविस्तर आणि लेखी मागा. फोटो दाखवला तर विचारा, कुठल्या उपग्रहाचा, कुठल्या तारखेचा, ठिपका किती मोठा? त्याची नक्कल मागा. म्हाताऱ्यांचे जबाब आजच लिहून घ्या. ती माणसं उद्या असतील असं नाही. दंडाच्या पावत्या पेटीतून काढा, झेरॉक्स करा, अस्सल कुणाला देऊ नका. ग्रामसभेत विचारल्याशिवाय कुणाच्या मशीनवर अंगठा नको, कोऱ्या कागदावर सही नको.

आमच्या पाड्याचे दावे आम्ही पुन्हा दाखल करतोय. या वेळी ऑफिसात आज्या-आज्यांना घेऊन जाणार. साहेबांनी त्यांच्या डोळ्यात बघून सांगावं, शेत दिसत नाही म्हणून.

जिंदाबाद!