फोरमनचं 'नाही'

काल सकाळी समोरच्या साइटवर जुंपली होती. स्लॅब पडून ९ दिवस झालेत (पडून म्हणजे टाकून, कोसळून नव्हे!) आणि बिल्डरला टेकू वरच्या मजल्यासाठी हवेत. फोरमन ढिम्म. साधं सिमेंट, गाळा साडेचार मीटरच्या वर. आयएस ४५६:२००० मध्ये अशा स्लॅबचे टेकू १४ दिवस ठेवायला सांगितलंय. "साहेब, अजून ५ दिवस."

आमच्याकडे तारीख आली की टेस्टिंग गुंडाळतात, नंतर पॅच आहेच. स्लॅबला कसला पॅच? खाली माणसं राबतात. माझं स्पष्ट मत, असं 'नाही' म्हणणाऱ्याचा पगार बिल्डरच्या हातात नसावा. पण असतो.

आज रविवार. टेकू जागच्या जागी आहेत. फोरमन दिसला नाही, सुट्टी असेल असं धरून चाललोय.