बीसीजीची ढाल

मंडळी, पार्टीत हमखास ऐकू येतं, "टीबीची टेस्ट ना? लहानपणी बीसीजी दिलंय, पॉझिटिव्ह येणारच!" डॉक्टर म्हणून मला हे साफ अमान्य आहे. बीसीजीमुळे कातडीवरची चाचणी फसते, कबूल. रक्ताची आयजीआरए चाचणी बीसीजीने फसत नाही. ग्रीन कार्डासाठी २०१८ पासून अमेरिकेत हीच लागते. तिथे निमूट हात पुढे करतो आपण! मग पॉझिटिव्ह निकाल फाइलीत का पुरतो? एक्स-रे स्वच्छ आणि तक्रार नसेल, तर जंतू झोपलेले आहेत. कुणाला लागण होत नाही, लाजायचं काय त्यात? पण मधुमेह, केमो किंवा संधिवाताची बायोलॉजिक इंजेक्शनं सुरू झाली की ते जागे होऊ शकतात. रिफॅम्पिसिनचा ४ महिन्यांचा कोर्स तो धोका पुष्कळ कमी करतो. फाइल काढा, डॉक्टरांना दाखवा.