स्टोअरहेडचे सरोवर
विल्टशर परगण्यातील स्टोअरहेडचे उद्यान पाहावयास जो जातो, त्याने सरोवराला पूर्ण प्रदक्षिणा घातल्यावाचून परतू नये. कारण लंडनचा धनाढ्य पेढीवाला हेन्री होर याने अठराव्या शतकात ओढ्याला बांध घालून हा जलाशय निर्माण केला, तो एका जागी उभे राहून न्याहाळण्यासाठी नव्हेच. पाऊलवाट वळते तसे फ्लोरादेवीचे मंदिर वृक्षांआड लुप्त होते, पैलतीरी रोमच्या धर्तीवर उभारलेल्या पँथिअनचा घुमट प्रकटतो, आणि जे सर्वस्वी नैसर्गिक भासते त्याची रेषा न् रेषा कोणीतरी आधी मनात रेखाटली होती, या जाणिवेने चित्त विस्मित होते. निसर्गाला न दुखावता त्याची अशी रचना करणे, ही कला मी चित्रकलेहूनही थोर मानतो. पुढे घराण्याचा एकुलता एक वारस १९१७ साली महायुद्धात जखमी होऊन निवर्तला, आणि वृद्ध पित्याने १९४६ मध्ये वाडा व उद्यान नॅशनल ट्रस्टच्या हवाली केले. या संस्थेने अविक्रेय म्हणून जाहीर केलेली मिळकत पुढे विकता अथवा गहाण टाकता येत नाही, ही १९०७ च्या कायद्यातील तरतूद मला तेथील मंदिरांइतकीच मोलाची वाटते.