बगीच्यांची दारे उघडावीत

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी ‘आपला परिसर आणि पर्यटन’ या विषयावर लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा मी प्रथम नकारच दिला. बालरोगतज्ज्ञाचा आणि पर्यटनाचा संबंध काय? फार तर प्रवासात मुलांना होणाऱ्या उलट्यांवर चार ओळी लिहिता येतील. परंतु विचार करता करता असे लक्षात आले की, या विषयावर मला काही म्हणावयाचे आहे, आणि ते डॉक्टर म्हणूनच म्हणावयाचे आहे.

बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्याला आपण मोहगाव परिसरात काय दाखवितो? गावातील अर्धनारीश्वराचे प्राचीन देवस्थान दाखवितो. महाशिवरात्रीला तेथे मोठी गर्दी होते. सौंसरजवळचे जामसावळी दाखवितो. पिंपळाखाली पहुडलेल्या तेथील हनुमंताच्या दर्शनास नागपूर-अमरावतीपासून लोक येतात, आणि २०२३ मध्ये ‘हनुमान लोक’ प्रकल्पाचे भूमिपूजन झाल्यापासून तर त्या स्थानाची कीर्ती भोपाळपर्यंत पोचली आहे. फिट्स येणाऱ्या मुलांना घेऊन आईवडील आधी तेथे जातात व नंतर माझ्याकडे येतात. माझी त्याबद्दल तक्रार नाही. गोळ्या बंद करू नका, एवढेच मी त्यांना सांगतो. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार असतेच. जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, शेकडो लोक जखमी होतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत आपल्या भागाचे वर्षातून एकदा नाव छापून येते. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी पुन्हा दगडच उचलले. त्या दिवशी ज्यांनी टाके घातले आहेत, अशा आपल्यापैकी कोणासही हा ‘पर्यटन महोत्सव’ वाटणार नाही.

पूर्वी आणखी एक आकर्षण होते, ते म्हणजे नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन. २०१५ मध्ये ती बंद झाली आणि पुढे मोठी लाईन आली. सोय झाली, हे खरे. पण खिडकीतून हात बाहेर काढून झाडाचे पान तोडता येईल अशी गाडी पुन्हा मिळणार नाही. असो.

या यादीत जे आमचे सर्वांत मोठे वैभव, ते मात्र कधीच नसते. पुण्या-मुंबईकडे ‘बगीचा’ म्हटले की हिरवळ, झोपाळे आणि भेळवाला डोळ्यांपुढे येतो. आमच्याकडे बगीचा म्हणजे संत्र्याचा बगीचा. ‘त्यांचा बगीचा आहे’ एवढ्या वाक्यावर येथे सोयरिकी जुळल्या आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला, २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. पण आमची संत्री मात्र आजही नागपुरी म्हणूनच देशभर जातात. झाडाला सीमा कळत नाही.

आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत बागेचे पाणी तोडून झाडांना ताण देतात. पाने मलूल होतात, नवख्या माणसाला वाटावे की बाग मेली. मग पाणी सोडले की जानेवारीअखेरीपासून पांढरी फुले फुटतात. फेब्रुवारीतील एखाद्या संध्याकाळी मोटारसायकलवरून मोहगावच्या रस्त्याने जाऊन पाहावे. वास अंगावर येतो. महाशिवरात्रीचे हजारो यात्रेकरू बहुधा याच सुमारास बगीच्यांच्या काट्याच्या कुंपणांमधून जातात आणि थेट देवळाच्या रांगेत उभे राहतात. कोणी थांबत नाही, कारण कोणी थांबविलेले नाही.

काही वर्षांपूर्वी भाचीकडे ऑस्ट्रेलियास जाण्याचा योग आला. तिचे यजमान तिकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात आहेत. त्यांनी न्यू साउथ वेल्समधील ग्रिफिथ नावाच्या गावी नेले. कालव्याच्या पाण्यावर वसलेले, संत्री आणि द्राक्षे पिकविणारे ते गाव आहे. (त्याच राज्यात ‘ऑरेंज’ नावाचे एक शहर आहे, तेथे संत्री नव्हे, सफरचंदे होतात! नाव डच राजपुत्रावरून पडले आहे.) ऑक्टोबरात, म्हणजे तिकडच्या वसंतात, ग्रिफिथच्या हमरस्त्यावर लोखंडी सांगाड्यांना रबरबँडने संत्री अडकवून मोठमोठ्या आकृती उभारतात. एक लाखाहून अधिक फळे लागतात आणि ती अडकविण्याचे काम गावकरी स्वतः करतात. त्याच दिवसांत लोक आपल्या घरच्या बागाही पाहुण्यांना खुल्या करतात. गावाबाहेरच्या टेकडीवर व्हॅलेरियो रिचेत्ती या इटालियन एकांतवाशाने गुहेत राहून एकट्याने दगड रचून केलेल्या बागेचे अवशेष आहेत. तेही लोक आवर्जून पाहतात. सर्जन मित्रांसाठी एक माहिती सांगतो. या गावाचा आराखडा कॅनबेराचे शिल्पकार वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांचा. हे गृहस्थ पुढे लखनौला कामासाठी आले आणि १९३७ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर पेरिटोनायटिस होऊन तेथेच वारले. पेनिसिलिन वापरात येण्यास अजून काही वर्षे अवकाश होता.

ग्रिफिथ पाहून मी भारावून गेलो, असे म्हणणार नाही. रस्ते रुंद, गर्दी शिस्तीची, संत्री मात्र आपल्यापुढे आंबट! पण दारे उघडण्याची ती कल्पना मनात राहिली. नंतर वाचनात आले की, तिचे एक जुने मूळ इंग्लंडात आहे आणि ते वैद्यकीय सेवेशी जोडलेले आहे. १९२७ मध्ये तेथे ६०९ खाजगी बागा माणशी एक शिलिंग घेऊन लोकांसाठी उघडल्या गेल्या. उद्देश काय, तर घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी निधी जमविणे! सरकारी आरोग्यसेवा तेथे १९४८ मध्ये आली. तोवर या परिचारिकांचे काम बव्हंशी देणग्यांवर चालत असे. पहिल्याच वर्षी आठ हजारांहून अधिक पौंड जमले. ती योजना आजही चालू आहे.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांतील गोष्ट आहे. दुपारी अडीचच्या सुमारास एका सालदाराने चार वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून आणले. बगीच्यातील विहिरीत पडला होता. विहिरीला कठडा नव्हता; आई संत्री वेचीत होती. मी चाळीस मिनिटे प्रयत्न केले. त्यांतील शेवटची वीस मिनिटे कशासाठी होती, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. मालक सज्जन गृहस्थ होते, स्वतः जीप घेऊन आले, खर्चाचे विचारू लागले. त्यांना विहिरीबद्दल बोलण्याचे मला त्या दिवशी सुचले नाही. पुढेही बोललो नाही. त्यानंतर शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेले फवारणीचे औषध प्यालेली मुले आली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडाला फेस. ॲट्रोपिनने बहुतेक वाचली. प्रत्येक वेळी मी मुलावर उपचार केले आणि बगीचा होता तसाच राहिला.

बगीच्यात कोणी राहत नाही, असे आपण समजतो. तेथे सालदाराचे कुटुंब राहते. त्याची मुले तेथेच रांगतात, तेथेच खेळतात. मालक आठवड्यातून दोनदा येतो. त्याला झाडे दिसतात, विहीर दिसत नाही, कारण ती त्याने जन्मापासून पाहिलेली असते. परंतु घरी पाहुणे येणार म्हटले की आपण अंगण झाडतो, माळ्यावरच्या वस्तू नीट लावतो. उद्या पन्नास शहरी मुले बगीच्यात येणार असतील, तर पहिला प्रश्न विहिरीचा निघेल आणि दुसरा औषधाच्या कोठीला कुलूप लावण्याचा. शहरी मुले संध्याकाळी परत जातील. कठडा आणि कुलूप मात्र सालदाराच्या मुलांसाठी मागे राहील. माझा सारा आग्रह एवढ्यासाठी आहे. फुलांचा वास, मोबाईलपासून मोकळी दुपार, चष्म्याचे वाढते नंबर हे सर्व मुद्दे रास्त आहेत. पण ते मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

ही कल्पना मी काही बगीचेवाल्यांपुढे मांडली तेव्हा उत्साहाचे भरते आले नाही. एक जण म्हणाले, “डॉक्टरसाहेब, लोकं येतीन, फुलं तोडतीन, पन्न्या टाकून जातीन. मंग आमी का करावं?” मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्यांनी त्याहून अडचणीचा मुद्दा काढला. डिंक्या रोगाची बुरशी माती-पाण्यातून पसरते. एका बागेतील चिखल बुटांना लागून दुसरीत गेला तर झाडे जातील, नुकसान कोण भरून देणार? हा आक्षेप शास्त्रीय आहे आणि त्यांनी तो मला, एका एम. डी.ला, समजावून सांगितला. वॉर्डात हात न धुता शिरणाऱ्या नातेवाइकांची मला आठवण झाली.

महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण केले, बारामतीकडे तर त्याच्या कितीतरी आधीपासून हे काम चालू आहे. तेथे राहण्याच्या खोल्या, हुरडा, बैलगाडी असा सारा थाट असतो. आपणास तेवढे नको. वर्षातून फुलांचे दोन रविवार आणि फळांचे दोन रविवार पुरेत. माणशी ठराविक रक्कम घ्यावी, निम्मी मालकाला आणि निम्मी परिसरातील आशा कार्यकर्त्या व परिचारिकांच्या प्रवासखर्चासाठी. हिशेब आपल्या मंडळाने ठेवावा. जामसावळीस कोट्यवधींची कामे होत आहेत, ती व्हावीत; या कामाला मात्र कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही.

मोहगावकडील एका बगीचेवाल्यांनी येत्या फेब्रुवारीतील एक रविवार देऊ केला आहे. त्यांच्या अटी अशा: पन्नासपेक्षा अधिक माणसे नकोत, दाराशी प्रत्येकाने जोडे काढून पाय धुवावेत, फुलाला हात लावू नये. आधीचे पंधरा दिवस फवारणी नको, ही अट मी घातली. बहारात मधमाश्यांसाठी ते तसेही फवारीत नाहीत, असे ते म्हणाले. दुसरी अट अर्थातच विहिरीची होती. त्यावर ते काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी गवंड्याला फोन लावला. कठडा कमरेच्या उंचीपर्यंत बांधून झाला आहे. परवा जाऊन पाहिले, तर सालदाराच्या दोन मुली त्याच्या ओल्या सिमेंटवर काडीने नावे कोरीत होत्या. वरच्या जाळीचे माप घेतले आहे. ज्या सभासदांना खर्चात वाटा उचलावयाचा असेल त्यांनी कार्यकारिणीकडे नाव द्यावे.