ओल्या भिंतीवरची रोषणाई

रबीउल अव्वलचा चाँद दिसला की आमच्या मोहल्ल्यात शिड्या बाहेर निघतात. मशिदीच्या मिनारापासून नाक्यावरच्या कमानीपर्यंत माळा चढतात. रोषणाई करावी की नाही, याबद्दल आपल्यात मतभेद आहेत. तो वाद आज आम्हाला काढायचा नाही. जिथे ती होतेच, तिथे कुणाच्या घरचा दिवा विझू नये, एवढेच सांगायचे आहे.

चाँदचे वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद मागे सरकत येते. 2016 साली ईद-ए-मिलाद डिसेंबरच्या कोरड्या थंडीत होती. 2025 मध्ये ती 5 सप्टेंबरला आली, यंदा ऑगस्टच्या शेवटी येईल. पुढची पाच-सहा वर्षे ती पावसातच आहे. माळा लावायची आमची पद्धत मात्र अजून डिसेंबरचीच राहिली आहे.

गेल्या वर्षी इशाच्या नमाजनंतर रिमझिम चालू होती. आमच्या वर्गातला सातवीचा मुलगा अनवाणी पायांनी कमानीच्या लोखंडी खांबाला धरून वळला आणि फेकला गेला. अल्हम्दुलिल्लाह, हात सुटला म्हणून वाचला. पाहिले तर वायरचा जॉइंट खांबाला टेकलेला, वर नुसती काळी टेप, आणि टेपच्या आत पाणी. जॉइंट मोहल्ल्यातल्या पोरांनी केला होता. पण वर्गणीची पावती आम्हीच फाडली होती आणि ‘वा, काय लायटिंग!’ असे आम्हीच म्हटले होते. दोष एकट्या पोरांना कसा द्यायचा?

त्यानंतर एका परवानाधारक वायरमनला बोलावून आम्ही सगळे समजून घेतले. त्यांनी पहिलाच गैरसमज दूर केला. एलईडी बारीक असतो म्हणून झटका बसत नाही, हे खोटे. स्वस्तातल्या बहुतेक माळा थेट 230 व्होल्टवर चालतात. ॲडॅप्टरवर चालणाऱ्या 12 किंवा 24 व्होल्टच्या माळा बऱ्या, पण तो ॲडॅप्टर कोरड्या जागी हवा. उघड्यावर लावायच्या माळेच्या खोक्यावर ‘आयपी’ आकडा पाहावा. आयपी 44 म्हणजे उडालेले पाणी सोसते. आयपी 65 असेल तर पाण्याचा झोतही सोसते. आकडाच नसेल तर ती माळ घरात लावावी.

दुसरी गोष्ट एमसीबीची. तो वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्याचे ‘टेस्ट’ बटण रोज दाबून पाहावे. जॉइंट शक्यतो नकोत. असलेच तर पाणी न शिरणाऱ्या डबीत आणि जमिनीपासून उंच. वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकते, आत जात नाही. लोखंडी कमानीला अर्थिंग हवेच. आणि खांबावर आकडा टाकणे म्हणजे वीजचोरी; तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्या वायरीला कसलेच संरक्षण नसते. महावितरणकडून तात्पुरते कनेक्शन रीतसर मिळते.

कुणी चिकटलेच, तर त्याला हात लावू नये. आधी मेन बंद करावा. तो कुठे आहे हे दोघा-तिघांना तरी ठाऊक असावे.

यंदाच्या बैठकीत हिशेब मांडला तेव्हा कुरकुर झाली. वायरमनची मजुरी, आरसीसीबी आणि चांगली केबल धरली, तर माळा निम्म्याच येतात. ‘शेजारच्या मोहल्ल्यापुढे आपण फिके दिसू,’ असे एक जण म्हणाले. तेव्हा त्या मुलाची अम्मी पडद्यामागून एवढेच बोलली, ‘फिके दिसू द्या भाईजान, पोरे दिसायला हवीत.’ पुढे कुणी काही बोलले नाही.

उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. रात्री झोपण्यापूर्वी दिवे विझवावेत, घराला आग लागू नये, ही ताकीदही रसूलुल्लाह (सल्ल.) यांचीच आहे. ज्यांच्या आठवणीत रोषणाई करतो, त्यांची ही साधी गोष्ट पाळायला पैसे लागत नाहीत. म्हणून यंदा रात्री अकराला मेन बंद करायचे ठरले आहे. चावी त्या सातवीतल्या मुलाच्या अब्बांकडे दिली आहे.