आवडीच्या आडून पाळला जाणारा वर्णभेद

समलिंगी पुरुषांच्या वर्तुळातही वर्णभेद पाळला जातो असे कोणी म्हटले, की त्यावर ठरलेले उत्तर येते : जोडीदार कसा आवडावा ही ज्याची त्याची खासगी बाब असून तीत वर्णद्वेष शोधणे म्हणजे इच्छेवर पहारा बसवणे होय. ज्या समूहाच्या इच्छांवर कायद्याने आणि पोलिसांनी पिढ्यानपिढ्या पहारा ठेवला, त्याने हा युक्तिवाद करावा हे स्वाभाविक असले, तरी तो टिकणारा नाही. कारण गौरेतर समलिंगींची मूळ तक्रार कोणी प्रेम केले नाही अशी नसून दारातच अडवले गेले अशी आहे.

अमेरिकेतील अनेक शहरांत 1970 आणि 1980च्या दशकांत समलिंगींच्या बारच्या दारावर ‘कार्डिंग’ नावाची प्रथा रूढ होती. गोऱ्या ग्राहकाला सहज आत सोडणारा दारवान कृष्णवर्णीय ग्राहकाकडे मात्र एकाऐवजी दोन-तीन ओळखपत्रे मागत असे, आणि तीही निघाली तर त्यांत काहीतरी खोट काढली जाई. सॅन फ्रान्सिस्कोत 1980 साली स्थापन झालेल्या ‘ब्लॅक अँड व्हाइट मेन टुगेदर’ या संघटनेने व तिच्या इतर शहरांतील शाखांनी या प्रथेविरुद्ध मोहिमा चालवल्या. ती तेवढ्याने संपली असे मात्र नव्हे. फिलाडेल्फियात समलिंगींच्या वस्तीतील बारविरुद्ध 2016 साली जाहीर सुनावणी झाली, तेव्हा विशिष्ट बनावटीचे जाड बूट व ट्रॅकपँट घालून येणाऱ्यांना मज्जाव करणारे नियम चर्चेत आले. कागदावर ते पोशाखाचे नियम होते. ते बूट शहरात मुख्यतः कोण घालते हे दारवान आणि ग्राहक दोघेही ओळखून होते. नगर प्रशासनाच्या मानवी संबंध आयोगाने जानेवारी 2017 मध्ये अहवाल देऊन बारचालकांना भेदभावविरोधी कायद्याचे प्रशिक्षण घ्यावयास लावले.

त्याच वर्षी फिलाडेल्फियाने समलिंगी चळवळीच्या इंद्रधनुषी ध्वजात काळा व तपकिरी असे दोन पट्टे वाढवले, तेव्हा ध्वजाचे पावित्र्य भंगल्याची ओरड झाली. गिल्बर्ट बेकर यांच्या 1978 च्या मूळ ध्वजात आठ पट्टे होते आणि त्यांतील गुलाबी पट्टा त्या रंगाचे कापड मिळेना म्हणून लवकरच गळला, हे येथे आठवावे. कापडाच्या अडचणीसाठी जो ध्वज बदलला, तो माणसांसाठी बदलताच काहींना अपवित्र वाटू लागला, हे सूचक आहे.

बारचे दार पुढे फोनमध्ये आले. 2009 साली सुरू झालेल्या ग्राइंडर या समलिंगींना जोडीदार शोधून देणाऱ्या ॲपवर वंशानुसार माणसे गाळून टाकणारा फिल्टर होता, म्हणजे नको असलेल्या वंशाचा मनुष्य समोर दिसणारच नाही अशी सोय. ती काढून टाकण्याची घोषणा कंपनीने जून 2020 मध्ये, अमेरिकेत पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या हत्येनंतर उसळलेल्या आंदोलनाच्या काळात केली. स्वतःच्या ओळखपटावर ‘जाडे नकोत, बायकी नकोत, आशियाई नकोत’ अशी पाटी लावणे तर इतके सर्रास झाले, की अभ्यासकांना त्यासाठी ‘लैंगिक वर्णद्वेष’, म्हणजे जोडीदाराच्या निवडीत एखाद्या वंशाला सरसकट बाद करणे, ही संज्ञा वापरावी लागली. दोन हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन पुरुषांच्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की अशा निवडीत काही गैर न मानणाऱ्यांची इतर बाबतींतील मतेही वर्णद्वेषाकडे झुकणारी असतात. ब्रिटनमधील स्टोनवॉल संस्थेच्या 2018 च्या अहवालात गौरेतर एलजीबीटी व्यक्तींपैकी 51 टक्क्यांनी, आणि कृष्णवर्णीयांपैकी 61 टक्क्यांनी, आपल्याच समूहाकडून वंशावरून भेदभाव झाल्याचे नोंदवले आहे. हे आकडे केवळ शय्यागृहातल्या आवडीनिवडीचे नव्हेत.

कोणी कोणावर प्रेम करावे याची सक्ती कोणीही मागत नाही. मागणी आहे ती दारावरचे नियम, फिल्टर आणि जाहीर पाट्या यांना आवडीचे संरक्षण मिळू नये एवढीच.

परदेशात या पाट्यांचा अनुभव घेणाऱ्या भारतीयांनी, आणि त्यात मराठी माणूसही आला, हीच कसोटी घरी जातीच्या बाबतीतही लावावी. मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात 2015 साली एका आईने समलिंगी मुलासाठी वर शोधणारी जाहिरात दिली. तिचे देशभर योग्य ते कौतुक झाले, परंतु जातीची अट नाही म्हणतानाच स्वजातीयास पसंती असेही तीत छापले होते. ते थट्टेने लिहिल्याचा खुलासा खरा मानला, तरी ज्या रूढ भाषेची ती थट्टा होती ती वाचकाला विनासायास कळली, यातच बरेच काही आले. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. दलित समलिंगींना मात्र प्राइड मोर्च्यांत आपले फलक वेगळे धरावे लागले आणि त्यावरही जात मध्ये कशाला आणता, असे सुनावले गेले. भारतातील मोर्च्यांचे व मेळाव्यांचे आयोजक आपल्या मंचावर कोण बोलते आणि प्रवेशशुल्क कोणाला परवडते, याचा हिशेब जाहीरपणे मांडतील काय?

– एक वाचक, पुणे