डीपीवरील न्यूट्रल तुटून जळालेल्या घरगुती उपकरणांबाबत निवेदन

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
वीज वितरण कंपनी, विभागीय कार्यालय

विषय : न्यूट्रल तुटल्याने निकामी झालेल्या उपकरणांची भरपाई व डीपीची कायमस्वरूपी दुरुस्ती मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून आम्ही खाली सह्या करणारे वीजग्राहक आपणांस कळवू इच्छितो की, गेल्या आठवड्यात ऐन उकाड्यात, रात्री जेवणाच्या वेळी, आमच्या वसाहतीच्या डीपीवर मोठा आवाज होऊन ठिणग्या उडाल्या. लगोलग काही घरांतले दिवे मिणमिणू लागले, तर शेजारच्याच घरांत ट्यूब लख्ख पेटून पंखे गरगरा फिरू लागले. ज्यांना सुचले त्यांनी मेन स्विच पाडला. बाकीच्यांचे टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, राउटर गेले. लाइनमन लवकर आले, न्यूट्रलचा जंपर बांधून त्यांनी पुरवठा चालू केला. त्यांच्याविषयी आमची काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती उपविभागात मिळालेल्या तोंडी उत्तराविषयी : "एसी तुम्हीच वाढवलेत, लोड तुमचाच, आम्ही काय करणार?"

लोड वाढला हे आम्हांला मान्य आहे. पण लोडने व्होल्टेज पडतो, चढत नाही. आणि घरातला लोड जास्त झाला तर घरातला एमसीबी पडतो, अख्ख्या गल्लीतले टीव्ही जळत नाहीत. जळालेल्यांपैकी कित्येक टीव्ही तर रिमोटने बंद केलेले होते. झाले ते असे : वाढलेल्या लोडने डीपीवरचा न्यूट्रलचा ढिला सांधा तापला आणि तुटला. न्यूट्रल गेल्यावर तिन्ही फेजवरची घरे एकमेकांत अडकतात. ज्या फेजवर लोड जास्त तिथला व्होल्टेज खाली येतो, ज्या फेजवर लोड कमी तिथे २३०च्या जागी थेट ४००च्या दिशेने चढतो. म्हणजे एसीवाल्या फेजवर दिवे मंद झाले, आणि जिथे नुसते ट्यूब-टीव्ही होते त्यांचे सामान जळाले. "लोड तुमचाच" हे उत्तर नेमके त्यांनाच ऐकावे लागले, ज्यांच्या घरी एसी नाही.

पुरावा उपकरणांतच आहे. मेकॅनिकने आमच्यासमोर टीव्हीचा पॉवर बोर्ड उघडला. आत येणाऱ्या वायरीलगत एमओव्ही नावाची निळी चकती असते, ती फुटून कोळसा झाली होती. शेजारच्या काचेच्या फ्यूजला आतून काळा मुलामा चढला होता आणि मोठ्या कपॅसिटरचे डोके फुगले होते. हा कपॅसिटर साधारणतः ४०० ते ४५० व्होल्ट डीसीचा असतो. आत ४०० व्होल्ट एसी आला की त्याच्यावर साडेपाचशेच्या वर ताण पडतो. फ्यूज नुसता बारीक तुटला असता तर गोष्ट वेगळी होती. काहींनी घाईने नवा फ्यूज टाकला, तोही उडाला. एकाने फ्यूजच्या जागी तार घातली, तेव्हा बोर्डावरची तांब्याची पट्टीच उखडली. सिरीज बल्ब लावून तपासले असते तर आणखी नुकसान टळले असते, पण हे सामान्य ग्राहकाने कुठून शिकायचे? एमसीबी, ईएलसीबी, स्पाइक गार्ड हे सगळे असूनही उपयोग झाला नाही, कारण बराच वेळ टिकणारा चढा व्होल्टेज अडवणे हे त्यांचे कामच नव्हे.

तरी आमची प्रमुख मागणी अशी की, आपल्या सहायक अभियंत्यांनी जळालेल्या उपकरणांची आमच्यासमक्ष पाहणी करून पंचनामा करावा, त्या रात्रीच्या दुरुस्तीच्या नोंदीची प्रत द्यावी आणि भरपाईचा निर्णय लेखी कळवावा. विद्युत अधिनियम, २००३च्या कलम ५७ मध्ये सेवेची मानके न पाळल्यास भरपाईची तरतूद आहे. नकार द्यायचा असेल तर तोही कारणांसह लेखी द्यावा. तोंडी नकार घेऊन आम्हांला ग्राहक तक्रार निवारण मंचापुढे उभे राहता येत नाही.

डीपीचे काम मात्र कागदपत्रांसाठी थांबू नये. न्यूट्रल सध्या पिळून बांधलेला आहे. तो योग्य मापाचा लग क्रिंप करून बोल्टने आवळावा. तिन्ही फेजवरचा आणि न्यूट्रलवरचा करंट संध्याकाळी, लोड असताना, क्लॅम्प मीटरने मोजून घरे फेजवार वाटावीत. दुपारी मोजून काही कळणार नाही. डीपीत फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली दिसते, ती काढावी. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्याची तपासणी व्हावी. ट्रान्सफॉर्मरची क्षमता पुरत नसेल तर ती वाढवण्याचा प्रस्ताव या हंगामातच पाठवावा.

यापुढे न्यूट्रलचे काम झाल्यावर प्रत्येक फेजचा व्होल्टेज मोजल्याशिवाय पुरवठा चालू करू नये, असा लेखी आदेश लाइनमनना द्यावा. तसेच दिवे अचानक लख्ख किंवा मंद झाले तर मेन स्विच पाडा, आणि बंद पडलेले उपकरण तपासल्याशिवाय पुन्हा लावू नका, एवढी सूचना बिल भरणा केंद्रात मराठीत लावावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास आम्ही मंचाकडे रीतसर तक्रार दाखल करू. ती वेळ येऊ नये, ही विनंती.

आपले,
वसाहतीतील वीजग्राहक (सह्या सोबतच्या यादीत)

सोबत : मेकॅनिकचे लेखी अभिप्राय, जळालेल्या भागांचे फोटो, दुरुस्तीच्या पावत्या व वीजबिलांच्या प्रती.